दुखापत झालेल्या धावपटूने शर्यतीच्या कडेला कसे उभे राहावे: खानदेशातील नवख्यांसाठी मार्गदर्शक

खानदेशात धावण्याच्या बहुतेक शर्यती थंडीच्या दिवसांत भरतात, आणि शर्यत जवळ आली म्हणून सराव वाढवणाऱ्यांपैकी कोणाची तरी टाच, पिंढरी, गुडघा किंवा नडगी नेमकी त्याच सुमारास कुरकुरू लागते. नोंदणीचे पैसे भरून झालेले असतात, गटातील सगळे पळणार असतात, आणि आपल्याला मात्र डॉक्टरांनी काही आठवडे धावायचे नाही असे बजावलेले असते. अशा वेळी "मग मी टाळ्या वाजवायला येतो" हे वाक्य सहज तोंडून निघून जाते. परंतु पहाटेच्या अंधारात, वाहतूक बंद केलेल्या रस्त्यावर, दुखरा पाय सांभाळत दोन-तीन तास काढणे वाटते तितके सोपे नाही. नडगीच्या हाडाला ताणाची बारीक भेग गेल्यामुळे धावण्याचा एक हंगाम मी जळगावच्या रस्त्यांच्या कडेला काढला आहे. पहिल्यांदाच असे जाणाऱ्याची तारांबळ टळावी, एवढ्यासाठी हे टप्पे लिहीत आहे.

धडधाकट प्रेक्षक दुचाकी घेऊन चार ठिकाणी आपल्या माणसाला गाठू शकतो, पण तुम्हाला ते जमणार नाही आणि जमवण्याचा प्रयत्नही करू नये. तुम्ही एकच जागा निवडायची, तिथे बसण्याची सोय करायची आणि त्या जागेवरून धावपटूला उपयोगी पडेल अशी माहिती द्यायची. पुढचे बहुतेक निर्णय यावरूनच ठरतात.

१. डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारा

"शर्यत बघायला जाऊ का?" असे विचारले की डॉक्टर "जा, पण जपून" असे सांगून मोकळे होतात आणि त्या उत्तराचा काही उपयोग होत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात: सलग किती वेळ उभे राहिलेले चालेल, दुखऱ्या पायावर किती भार द्यायचा, आणि बसताना पाय उंच ठेवावा लागेल का. दुखापतीप्रमाणे उत्तरे बदलतात. ताणाची भेग असेल तर भार हाच मुख्य प्रश्न असतो. टाचेखालचा पडदा दुखत असेल, म्हणजे प्लांटर फॅशिआयटिस असेल, तर डांबरी रस्त्यावर एका जागी उभे राहणे हे हळू चालण्यापेक्षाही अधिक त्रासदायक ठरू शकते. घोटा मुरगळला असेल तर पाय लोंबता ठेवल्याने सूज चढते. मांडीच्या मागचा स्नायू दुखावला असेल तर उलट कडक खुर्चीवर फार वेळ बसणेच सहन होत नाही, त्यामुळे अशा माणसाने अधूनमधून उठून उभे राहिले पाहिजे.

पाय मुरगळून दोन-तीन दिवसच झाले असतील, शस्त्रक्रियेचे टाके ओले असतील किंवा प्लॅस्टर नुकतेच घातले असेल, तर घरीच थांबावे आणि फोनवरून मित्रांना शुभेच्छा द्याव्यात.

इथला सर्वात मोठा सापळा वेदनाशामक गोळीचा आहे. "एवढी सकाळ निभावू दे" म्हणून गोळी घेऊन उभे राहिले की पायाने दिलेली थांबण्याची सूचना आपल्यापर्यंत पोहोचत नाही आणि त्याचा हिशेब संध्याकाळी चुकता करावा लागतो. डॉक्टरांनी नेहमीच्या वेळेला घ्यायला सांगितलेली गोळी जरूर घ्यावी, परंतु केवळ उभे राहता यावे म्हणून वेगळी गोळी घेऊ नये.

२. स्वतःच्या नोंदणीचा निकाल आधी लावा

शर्यतीचे नियम नीट वाचावेत. काही ठिकाणी वैद्यकीय कागद दाखवल्यास नोंदणी पुढच्या वर्षावर टाकता येते किंवा कमी अंतराच्या गटात बदलून मिळते. पुष्कळ ठिकाणी मात्र पैसे परत मिळत नाहीत आणि बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. जे काही शक्य असेल त्याला मुदत असते, म्हणून दुखापत निश्चित झाल्याबरोबर आयोजकांना लेखी कळवावे.

"वाया जाण्यापेक्षा माझा बिब तू लाव" ही आपल्याकडे अगदी प्रेमाने होणारी गोष्ट आहे, पण ती करू नये. बिबच्या नोंदीशी तुमचे वय, तुमचा रक्तगट आणि तुमच्या घरच्यांचा फोन नंबर जोडलेला असतो. तो लावून पळणारा मित्र रस्त्यात कोसळला, तर वैद्यकीय पथकाच्या हाती चुकीच्या माणसाची माहिती पडते आणि फोन तुमच्या आईला जातो. शिवाय चाळिशीतल्या माणसाच्या वेळ मोजणाऱ्या चिपवर विशीतला मुलगा पळाला, तर वयोगटाचा निकाल बिघडतो आणि कोणाचे तरी हक्काचे बक्षीस जाते.

टी-शर्ट घ्यायचा हक्क असेल तर तो घ्यावा, मात्र शर्यतीच्या दिवशी तो घालून कडेला बसलात तर स्वयंसेवक आणि धावपटू दोघेही तुम्हाला स्पर्धक समजून "काय झालं, सोडली का?" असे विचारत राहतात. त्या सकाळी साधा भडक रंगाचा शर्ट घालावा. त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

३. जागा निवडा

सगळ्यांचे पाय आपोआप सुरुवातीच्या कमानीकडे किंवा शेवटच्या रेषेकडे वळतात. तुमच्यासाठी ही दोन्ही ठिकाणे वाईट आहेत. सुरुवातीला अंधार, गर्दी आणि धक्काबुक्की असते, आणि कुबडीला कोणाचा पाय अडकला तर पडणारे दोघे असतात. जळगावात काव्यरत्नावली चौकासारख्या ठिकाणी एखादा कार्यक्रम असला की किती दाटी होते हे तिथल्या माणसाला सांगायला नको. शेवटच्या रेषेपाशी ढोल, निवेदक आणि घरची माणसे असतातच, त्यामुळे तुमचा आवाज तिथे बुडून जातो. धावपटूला माणसाची खरी गरज लागते ती एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत साधारण चौदा ते अठरा किलोमीटरच्या दरम्यान, आणि दहा किलोमीटरच्या शर्यतीत सातव्या-आठव्या किलोमीटरवर. तिथे ना कमान दिसत असते ना गर्दी असते. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडच्या चढावर रहिवासी दुतर्फा उभे राहतात आणि धावपटू त्यांची आठवण वर्षभर काढतात, यामागे हेच कारण आहे.

आपल्याकडच्या बऱ्याच मार्गांना यू-टर्न असतो, म्हणजे ज्या रस्त्याने गेले त्याच रस्त्याने परत यायचे. ही तुमच्यासाठी सोयीची गोष्ट आहे, कारण जागा न सोडता तोच माणूस दोनदा दिसतो. मात्र जाताना धावपटू रस्त्याच्या एका बाजूला असतो आणि परतताना दुसऱ्या. तुम्ही परतीच्या बाजूला बसावे, कारण तेव्हाच तो थकलेला असतो, आणि त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे की "जाताना मी तुला दुभाजकापलीकडे दिसेन." दोन्हीकडचे दिसावे म्हणून दुभाजकावर जाऊन उभे राहण्याचा मोह होतो, पण तिथून कुबड्या घेऊन बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि बसायलाही जागा नसते.

जागा पाहण्यासाठी आदल्या दिवशी रिक्षाने एक फेरी मारावी आणि पुढील गोष्टी तपासाव्यात. रस्त्याची कड सपाट आहे की गटाराकडे उतरती आहे? उतरत्या कडेवर तासभर उभे राहिले की एकाच पायावर भार येतो. खाली मुरूम आहे की फरशी? सुट्या मुरमावर कुबडीचे टोक घसरते. पाण्याच्या टेबलाच्या लगेच पुढची जागा टाळावी, कारण तिथे सांडलेले पाणी, चुरगळलेले ग्लास आणि बाटल्या यांचा सडा पडतो आणि ओल्या डांबरावर रबरी टोकाची पकड सुटते. शिवाय पाणी पिणाऱ्याचे तुमच्याकडे लक्षही नसते. तिथून दोनेकशे मीटर पुढे बसावे. वळणाच्या आतल्या बाजूला बसू नये, कारण अंतर वाचवायला धावपटू तिथून अगदी कडेला घासून जातात. मेहरूण तलावाच्या काठी किंवा धुळ्यात पांझरेच्या बाजूला सकाळी पाण्यावरून येणारा गारवा अंगात शिरतो, हेही गृहीत धरावे.

आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते म्हणजे शौचालय. कुबड्या किंवा डॉक्टरांनी घालायला दिलेला गुडघ्यापर्यंतचा आधाराचा बूट असलेल्या माणसाला उकिडवे बसता येत नाही, त्यामुळे रस्त्यावरची फिरती शौचालये बहुधा निरुपयोगी असतात. निवडलेल्या जागेजवळ कोणाचे ओळखीचे घर, दवाखाना किंवा खुर्चीवजा कमोड असलेले हॉटेल आहे का, हे आधी विचारून ठेवावे. स्त्रियांनी तर जागा निवडताना याच प्रश्नापासून सुरुवात करावी. खानदेशात ओळख निघायला वेळ लागत नाही, आदल्या दिवशी दुकानदाराला "दादा, उद्या सकाळी तुमच्या ओट्यावर बसलो तर चालेल ना?" एवढे विचारले तरी खुर्चीसह सोय होते आणि वर चहाही मिळतो.

४. वेळेचे गणित मांडा

तुमचा मित्र कधी येणार हे माहीत नसेल तर तुम्ही सगळा वेळ उभे राहाल. हिशेब सोपा आहे. समजा त्याला एकवीस किलोमीटर अडीच तासांत पूर्ण करायचे आहेत. एकूण १५० मिनिटांना २१.१ ने, म्हणजे या शर्यतीच्या नेमक्या अंतराने, भागले की किलोमीटरला सात मिनिटे सात सेकंद येतात. शर्यत सहाला सुटली आणि तुम्ही सातव्या किलोमीटरवर बसला असाल, तर तो जाताना ६ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास दिसेल. साडेदहा किलोमीटरच्या आसपास यू-टर्न असेल तर परतताना तुमची हीच जागा चौदाव्या किलोमीटरची होते, म्हणजे तो ७ वाजून ४० मिनिटांना पुन्हा येईल. मधली पन्नास मिनिटे पाय वर ठेवून निवांत बसण्यासाठी आहेत.

यात दोन दुरुस्त्या कराव्या लागतात. मोठ्या गर्दीत मागे उभ्या असलेल्या धावपटूला कमानीपर्यंत पोहोचायलाच काही मिनिटे लागतात, ती मिळवावीत. आणि परतीच्या वेळेत पाच-दहा मिनिटांची ढील ठेवावी, कारण उत्तरार्धात वेग राखणारे थोडेच असतात. लाइव्ह लोकेशनवर फार विसंबू नये. धावपटूच्या फोनची बॅटरी, गर्दीतले नेटवर्क आणि कमरेच्या पट्ट्यात आपोआप दाबली जाणारी बटणे यांचा भरवसा नसतो. कागदावर तीन-चार जणांची नावे, बिब क्रमांक, कपड्यांचे रंग आणि अपेक्षित वेळा लिहून ठेवल्या की काम भागते.

५. साहित्य आणि कागदपत्रे

आदल्या रात्री एका पाठपिशवीत पुढील वस्तू भराव्यात. हातात धरायची पिशवी घेऊ नये, कारण हात कुबड्यांसाठी मोकळे हवेत.

– घडीची खुर्ची आणि पाय टेकवायला लहान स्टूल. दोन्ही उचलायला सोबत कोणीतरी हवे. ते शक्य नसेल तर खुर्ची त्या दुकानातच आदल्या दिवशी ठेवावी.
– शाल, कानटोपी, आणि प्लॅस्टर असल्यास उघड्या बोटांवर चढवायला मोठा लोकरी मोजा. थंडीच्या लाटेत जळगाव-धुळ्याचे किमान तापमान दहा अंशांखाली उतरते, आणि हलता न येणाऱ्या माणसाला ते पळणाऱ्यापेक्षा जास्त जाणवते.
– उन्हाची टोपी आणि पाणी. हिवाळ्यातही नऊनंतरचे ऊन चटका देते.
– टॉर्च आणि चमकणारी पट्टी. ऐन हिवाळ्यात सूर्य सातच्या आसपास उगवतो, त्यामुळे तुम्ही पोहोचता तेव्हा काळोख असतो आणि वाहनचालकाला काळी कुबडी दिसत नाही.
– आधार कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठीची आणि एक्स-रे अहवालाची फोनमधील प्रत, चालू औषधांची यादी, आरोग्यविम्याचे कार्ड.
– नोंदणीचा ईमेल, आणि मित्राचे सामान किंवा बिब त्याच्या वतीने घ्यायचे असल्यास त्याचे सहीचे पत्र आणि ओळखपत्राची प्रत.
– सुटे पैसे आणि पूर्ण चार्ज केलेला फोन.
– पाटी. तिच्याबद्दल पुढे.

६. कुबड्या तपासून घ्या

दवाखान्यातून भाड्याने आणलेल्या कुबड्या बहुतेक वेळा आधीच्या माणसाच्या उंचीला लावलेल्या असतात. सरळ उभे राहिल्यावर काख आणि कुबडीची गादी यांत दोन ते तीन बोटांचे अंतर राहिले पाहिजे आणि मूठ मनगटाच्या रेषेशी आली पाहिजे. भार तळहातांवर द्यायचा असतो. काखेत कुबडी रोवून तिच्यावर रेलून शर्यत पाहत राहिले तर तिथल्या नसेवर दाब येतो आणि हात बधिर होतो, आणि उत्साहाच्या भरात हे नेमके घडते. एकच काठी वापरत असाल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना दुखरा पाय आधी. खालचे रबर गुळगुळीत झाले असेल तर औषधाच्या किंवा सर्जिकल वस्तूंच्या दुकानातून नवे बसवून घ्यावे.

पहाटे काठी टेकत जाणाऱ्या माणसावर गल्लीतली कुत्री हमखास भुंकतात. कुबडी उगारू नये, तोल जातो. थांबावे आणि सोबत्याला पुढे करावे.

७. वेळेत पोहोचा

रस्ते बंद होण्याची वेळ आयोजक किंवा वाहतूक पोलीस आधी जाहीर करतात. त्याच्या निदान अर्धा तास आधी जागेवर असावे, मग वाट पाहावी लागली तरी चालेल. "तिथपर्यंत सोडा, पुढचं चालत जाईन" हे तुमच्या बाबतीत लागू होत नाही. दुचाकीच्या मागे बसून प्लॅस्टरचा पाय बाहेर काढून जाणे तर पूर्ण वर्ज्य समजावे. रिक्षा किंवा गाडी ठरवावी, आणि गाडी मार्गाच्या बाहेरच्या बाजूला लावावी, नाहीतर शेवटचा धावपटू जाईपर्यंत ती अडकून पडते. महामार्गाचा रस्ता जळगाव शहरातून जात असल्यामुळे आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक किंवा अजिंठा चौकाच्या बाजूने येणाऱ्यांनी तो ओलांडण्याचा वेळही हिशेबात धरावा.

नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर किंवा धरणगावहून रेल्वेने जळगावला येणाऱ्यांनी आदल्या दिवशी दुपारीच यावे. पहाटेच्या गर्दीत कुबड्या घेऊन पादचारी पूल चढण्यापेक्षा एक रात्र नातेवाइकांकडे काढणे बरे.

८. काय ओरडावे आणि काय ओरडू नये

मार्गदर्शकातला हा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण पळत नसलेला धावपटू इतर प्रेक्षकांपेक्षा वेगळा असतो तो इथेच. थकलेल्या माणसाच्या मनात काय चालले आहे हे त्याला आतून ठाऊक असते.

पहिला नियम असा की अंतराबाबत कधीही खोटे बोलू नये. "झालं, आता एकच किलोमीटर!" असे सांगितलेला माणूस उरलेला जोर लावतो आणि प्रत्यक्षात तीन किलोमीटर उरले असतील तर दुसऱ्या किलोमीटरवर कोलमडतो. तुमची जागा नेमकी कितव्या किलोमीटरवर आहे हे आदल्या दिवशी मोजून ठेवावे आणि "सात राहिले" असे स्पष्ट सांगावे. त्याहून उपयोगी म्हणजे पुढच्या रस्त्याची बातमी: "दोनशे मीटरवर उजव्या हाताला पाणी आहे", "पुढे गतिरोधक आहे, पाय बघून टाका", "वळण घेतलं की सावली आहे". अशी वाक्ये ऐकून धावपटूंच्या चेहऱ्यावर जो दिलासा दिसतो तो नुसत्या घोषणांनी दिसत नाही.

दुसरा नियम, ज्याने विचारले नाही त्याला वेळ किंवा क्रमांक सांगू नये. "तुझ्यापुढं पेसर चार मिनिटं आहे" (पेसर म्हणजे ठरलेल्या वेळेत पळून इतरांना वेग दाखवणारा) हे ऐकून बहुतेकांचा जीवच खचतो.

तिसरा नियम, नावाने हाक मारावी. बिबवर नाव छापलेले असेल तर ते वाचावे, नसेल तर शर्टचा रंग आहेच: "हिरवा शर्ट, भारी चाललंय!" आपल्या गटातल्या मुलांना "पय भो, पय!" चालते, वयस्कर धावपटूंना "आबा, लय मस्त" म्हणावे. अनोळखी स्त्रीला "ताई" म्हणावे. "मावशी" म्हणण्याआधी दोनदा विचार करावा, कारण बाजूने जाणारी मावशी तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आणि किलोमीटरला दोन मिनिटांनी वेगवान निघू शकते. स्त्रियांच्या कपड्यांवर किंवा शरीरावर शेरे मारू नयेत, "इतकं कशाला पळायचं" या थाटाचे कौतुकही करू नये, आणि अनोळखी माणसांचे जवळून फोटो काढू नयेत. छोट्या अंतराच्या दौडीत साडी नेसून किंवा सलवार-कमीजमध्ये चालणाऱ्या स्त्रिया बऱ्याच असतात. त्यांना हसण्याचा विषय करणारा प्रेक्षक घरीच थांबलेला बरा.

हसरा चेहरा ठेवण्याला शास्त्रीय आधारही आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्यायामाची सायकल चालवणाऱ्यांना जाणवणारही नाहीत इतके क्षणभर चेहरे दाखवले गेले, तेव्हा हसरे चेहरे दाखवलेले लोक दुःखी चेहरे दाखवलेल्यांपेक्षा जास्त वेळ टिकले. प्रयोग लहान होता, त्यामुळे त्यावर फार इमले बांधू नयेत, पण आंबट तोंड करून टाळ्या वाजवण्यात अर्थ नाही एवढे त्यातून नक्कीच घेता येते.

आवाजाचे साधन निवडताना हात गुंतलेले आहेत हे लक्षात ठेवावे. बसल्यावर थाळी-चमचा किंवा टाळ उत्तम. पोळ्याची घुंगरमाळ घरात असेल तर ती खुर्चीच्या हाताला बांधावी. कुबडीला बांधली तर रस्ताभर वाजत राहते आणि पायांत अडकायची भीती असते. शिट्टी आणू नये, कारण पोलीस आणि स्वयंसेवक वाहने थांबवण्यासाठी शिट्टीच वापरतात आणि गोंधळ उडतो. दवाखाना असलेल्या भागात किंवा अजून झोपलेल्या वस्तीत पहाटे सहाला थाळी बडवू नये.

पाटीसाठी जाड पुठ्ठा घ्यावा, पांढऱ्या कागदावर काळी किंवा गडद निळी अक्षरे काढावीत, अक्षरांची उंची निदान दहा सेंटिमीटर ठेवावी. किलोमीटरला सात मिनिटांच्या वेगाने येणारा माणूस सेकंदाला सुमारे २.४ मीटर पुढे सरकतो. दहा-बारा मीटरवरून त्याला अक्षरे वाचता येऊ लागली तर त्याच्या हाती पाचच सेकंद असतात. म्हणून तीन-चार शब्दांच्या पुढे जाऊ नये. "मी बसलोय, तुम्ही पळा" एवढी पाटी दुखऱ्या पायाखाली टेकवली की काम होते. ती गळ्यात अडकवायची असेल तर दोरी सैल ठेवावी.

भडक शर्टाचा उपयोग आता सांगतो: शेकडो माणसांमधून धावपटूने तुम्हाला शोधायचे असते. आदल्या दिवशी "पिवळा शर्ट, डाव्या हाताला, औषधाच्या दुकानापुढे" अशी खूण दिली की तो पन्नास मीटर आधीपासून वाट पाहू लागतो आणि तेवढाच त्याचा रस्ता कटतो.

मागच्या धावपटूंसाठी आवाज राखून ठेवा. पुढचे शंभर जण जातात तेव्हा सगळेच ओरडतात. वेळेची मर्यादा संपत आली असताना, उन्हात, रुग्णवाहिकेच्या पुढे एकटा चालणारा माणूस येतो तेव्हा रस्ता रिकामा असतो. पाय ठणकत नसेल तर त्याच्यासाठी थांबावे.

९. खाणे-पिणे वाटण्याआधी विचारा

रावेर-यावलचा माणूस असाल तर केळीचा घड आणण्याची इच्छा होणारच. आयोजकांना विचारून आणा, अर्धी केळी कापून द्या आणि सालींसाठी डबा दहा-वीस मीटर पुढे ठेवायला लावा. डब्याविना दिलेली केळी म्हणजे मागून येणाऱ्यांच्या पायाखाली टाकलेल्या साली. बक्षिसाच्या शर्यतीत असलेल्या धावपटूला अधिकृत केंद्राबाहेर काही दिले तर त्याच्या निकालावर हरकत घेतली जाऊ शकते, म्हणून त्याला फक्त टाळ्या द्याव्यात. अनोळखी लहान मुलांना काहीही देऊ नये.

१०. कोणी कोसळले तर

एका जागी बसल्यामुळे तुम्हाला असे काही दिसते जे पळणाऱ्यांना दिसत नाही. झोकांड्या खात चालणारा, विचारलेल्याला असंबद्ध उत्तर देणारा किंवा चिडचिडा झालेला धावपटू उष्णतेच्या झटक्याच्या वाटेवर असू शकतो, आणि त्याला घाम येत असला तरी धोका टळलेला नसतो. धावत जाऊ नका. जवळच्या स्वयंसेवकाला हाक मारा, १०८ ला फोन करा, जागेची खूण सांगा आणि बिब क्रमांक वाचून दाखवा. बिबच्या मागच्या बाजूला घरच्यांचा नंबर लिहिलेला असतो, तो पाहायला लावा. त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायला आणि वारा घालायला इतरांना सांगावे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू देऊ नये. तो प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वासही घेत नसेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावे लागतात. प्लॅस्टरमुळे तुम्हाला गुडघ्यावर बसता येणार नाही, म्हणून ज्याला बसता येते त्याला कामाला लावणे आणि मोजणी करत राहणे हे तुमचे काम.

११. लोकांच्या प्रश्नांची तयारी ठेवा

"काय झालं?", "कधी बरं होणार?", "जास्त पळालास म्हणून झालं ना?" हे तीन प्रश्न त्या सकाळी इतक्यांदा विचारले जातात की शर्यत बघायची राहून जाते. एक वाक्य ठरवून ठेवावे, उदाहरणार्थ "हाडाला भेग आहे, डॉक्टरांनी थांबवलंय, तो बघा आपला माणूस आला." विषय तिथेच संपतो. रस्त्याकडेचे फुकटचे उपचारही मिळतात: कोणी हळद-तेल लावायला सांगतो, कोणी एखाद्या गावच्या पाय बसवणाऱ्याचा पत्ता देतो. हसून ऐकावे, पण भेगाळलेले हाड कोणाच्याही हाती मालिशला देऊ नये.

आपल्यापेक्षा हळू पळणारा मित्र पदक घालून येतो तेव्हा पोटात थोडे तुटते, हे स्वाभाविक आहे. ज्यांना ते फारच जाणवते त्यांनी शेवटच्या रेषेपासून लांब बसावे आणि पदकाच्या फोटोसाठी थांबू नये; यात कोणाचा अपमान होत नाही. आणि "शेवटचे शंभर मीटर तुझ्यासोबत पळतो" हे कोणी कितीही आग्रहाने म्हटले तरी उठू नये. त्या शंभर मीटरांत वेग वाढतो, पायाची आठवण राहत नाही, आणि बिब नसलेल्या माणसाला मार्गावर पळण्याची मुभाही नसते.

१२. निघताना आणि घरी गेल्यावर

तुमचा माणूस दुसऱ्यांदा पुढे गेला की लगेच निघण्याची घाई करू नये. रस्ता खुला झाला आहे हे पोलिसांकडून समजून घ्यावे, नाहीतर सुटलेली वाहने आणि मागे राहिलेले धावपटू यांच्या मधोमध तुम्ही कुबड्यांवर असाल. भेटण्याचे ठिकाण आधीच ठरवावे आणि ते शेवटच्या कमानीपाशी नसावे. शर्यतीनंतर गटाचा बेत बहुधा पोह्यांचा, किंवा हंगाम असेल तर थेट भरीत आणि कळण्याच्या भाकरीचा असतो. शेतात जमिनीवर पंगत बसणार असेल तर तुमच्यासाठी खुर्ची न्यायला आधीच सांगावे.

घरी पोहोचल्यावर पाय उशीवर उंच ठेवून अर्धा तास पडावे. प्लॅस्टर नसेल आणि डॉक्टरांनी बर्फ सांगितला असेल तर तो कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावावा, थेट कातडीवर ठेवू नये. प्लॅस्टर असेल तर बोटांचा रंग पाहावा. बोटे निळसर, गार किंवा बधिर वाटली, किंवा प्लॅस्टर आवळल्यासारखे दुखू लागले, तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा. बरेच दिवस पाय हलवलेला नसताना एका पिंढरीला सूज, ऊब आणि दुखरेपणा आला, तर रक्ताची गुठळी झालेली असू शकते, तिथे मालिश करू नये आणि डॉक्टरांना ताबडतोब दाखवावे. सोबत दम लागू लागला किंवा छातीत दुखू लागले तर १०८ ला फोन करावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले पाऊल टाकताना दुखणे शर्यतीच्या आदल्या दिवसाइतकेच असेल तर सकाळ नीट पार पडली असे समजावे. ते वाढले असेल तर फिजिओथेरपिस्टला किती वेळ उभे होतात ते खरे सांगावे आणि पुढच्या वेळी खुर्चीचा वेळ वाढवावा.